फॅमिली दाखवा, मग चावी

पालेगाव, अंबरनाथ (पूर्व)
फाल्गुन वद्य पंचमी (भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मते; आमच्या खिडकीसमोर दुसरा टॉवर उभा राहिल्यापासून चंद्राचं मत घेता येत नाही)

तीर्थस्वरूप बाळदादांना यज्ञेश्वरचा सविनय नमस्कार, आणि तितकीच सविनय तक्रार.

नमस्कार आधी स्वीकारावा, म्हणजे तक्रार ऐकताना मन मऊ राहील. तुम्ही चिपळूणहून पाठवलेली आंबापोळी आम्हांला मिळाली नाही. ती पालेगावापर्यंत आली, आमच्या संकुलाच्या फाटकापर्यंत आली आणि तिथून तशीच परत गेली. कारण एकच, की तुम्ही पत्ता खरा लिहिलात. तुम्ही 'तेरावा मजला' असं लिहिलंत. वास्तुशांतीला आला होतात तेव्हा जेवण झाल्यावर खाली उभं राहून, मान मागे टाकून, बोट नाचवत तुम्ही मजले मोजत होतात हे मी वरून पाहिलं होतं. (जन्म भूमापन खात्यात काढलेल्या माणसाला जेवणानंतर दुसरं काय सुचणार.) मोजणी बिनचूक होती. पण आमच्या इमारतीत तेरावा मजलाच नाही. बाराव्यानंतर एकदम चौदावा येतो. परदेशात तेरा आकडा अशुभ मानतात असं बिल्डरच्या कानावर आलं, म्हणून त्याने तो लिफ्टच्या बटणांतून काढून टाकला. मजला मात्र त्याला काढता आला नाही. तो आहे तिथेच आहे, आणि त्यावर आम्ही राहतो. आपल्याकडे तेराव्याला निदान गोडाचं जेवण असतं. इथे तेराव्यापायी दारात आलेलं गोड माघारी गेलं. फाटकावरच्या रखवालदाराने 'तेरहवाँ माला है ही नहीं' असं ठासून सांगितलं म्हणे, आणि तोही खोटं बोलत नव्हता. मी न्यायशास्त्र वाचलेला माणूस आहे. जी वस्तू आहे पण जिला नाव नाही, तिच्यावर पलंग टाकून झोपणाऱ्याने स्वतःच्या अस्तित्वाबद्दल काय धरून चालावं, याचा उलगडा मला झालेला नाही. यापुढे कृपा करून आमचा पत्ता खोटा लिहावा.

वहिनींची कंबर कशी आहे? परसातल्या पंपाचा आवाज बंद झाला, की पंपच बंद झाला? तुम्ही रक्तदाब स्वतःच मोजता आणि आकडा पटला नाही तर पटेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजता, असं तुमच्या भाचीकडून, ऋताकडून कळलं. तसं करू नये. शेजाऱ्याची हद्द आणि स्वतःचं रक्त यांत थोडा फरक आहे. इकडे सर्व क्षेम आहे. शाळा सुटायला (माझी, कायमची) अजून थोडा अवकाश आहे. मुलं संस्कृतला गर्दी करतात कारण त्यात गुण भरपूर मिळतात, आणि दहावी झाल्या दिवशी आमची आणि त्या भाषेची ओळख विसरतात. सुनंदाही बरी आहे. तुमच्या बहिणीची साखर बरोबर, गुडघे बरोबर, आणि तिचा हृदयाचा आलेख तर इतका सुरेख आला की तो पाहून मला माझ्या आलेखाची लाज वाटली. फक्त ती खाली उतरत नाही.

हे वाक्य मी मुद्दाम साधं लिहिलं आहे. दिवाळीपासून ती इमारतीच्या बाहेर पडलेली नाही. तुम्ही फोन करता तेव्हा ती 'आत्ताच खालून आले' म्हणते, ते ऐकून तुम्ही निर्धास्त होता; तर ते तसं नाही. भांडण झालेलं नाही, कोणी काही बोललेलं नाही, काही दुखत नाही. बदलापूरला हेंद्रेपाड्यात असताना हीच बाई कोथिंबिरीची जुडी आणायला म्हणून जायची आणि दीड तासाने कोथिंबीर विसरून परत यायची. पण त्या दीड तासात कोणाच्या सुनेला कितवा महिना, कोणी नोकरी सोडली आणि गिरणीवाल्याने कोणाच्या दळणात कोणाचं दळण मिसळलं, हा सगळा वृत्तान्त घेऊन यायची. मी जेवायला बसलो की बातम्या सुरू व्हायच्या. (मी त्या कधी नीट ऐकल्या नाहीत. आता ऐकायला बसतो तर आमटीत मीठ बरोबर आहे का, एवढीच बातमी असते.) मग आमची जुनी इमारत पाडून नवी बांधायला गेली, शेजारी चार दिशांना पांगले, आणि आम्ही दोघांनी व ऋताने मिळून, एकमताने, खिडकीतून तेव्हा मलंगगड दिसत होता म्हणून हे घर घेतलं. इथे दूध वर येतं, भाजी वर येते, औषधं वर येतात, रक्त तपासणारा वर येतो. कचरासुद्धा दारातून कोणीतरी घेऊन जातं. फोनवर बोट टेकवलं की दहा मिनिटांत कोथिंबीर दाराशी, आणि ती आणणारा दार उघडायच्या आत पळालेला. खाली जाणारा या घरात मी एकटाच. दरवर्षी शिवरात्रीला ती बदलापुराहून शिवमंदिरात जायची, रांगेत उभं राहून पाय सुजवून घ्यायची. यंदा मंदिर एवढं जवळ असून तिने खिडकीतूनच हात जोडले. मी मागाहून दिशा ताडून पाहिली. हात जोडले होते ते एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कारखान्याला.

तर यावर ऋताने उपाय काढला. बेंगळुरूहून ती म्हणाली, बाबा, हा फ्लॅट देऊन टाका भाड्याने, आणि तुम्ही दोघं एखाद्या वॉकेबल वस्तीत भाड्याचं घर घ्या. म्हणजे कशी, हे मी विचारलं. म्हणजे जिन्यावरून उतरलं की दुकान, देऊळ, डॉक्टर, शिंपी, माणसं, सगळं पायांनी गाठता आलं पाहिजे, वाहन लागता कामा नये. जगभर आता अशा वस्त्या मुद्दाम वसवतात म्हणे. आपल्याकडे त्या आपोआप झाल्या होत्या आणि आपण मुद्दाम मोडल्या, हा विचार माझ्या मनात आला, पण लेकीला व्याख्यान देऊ नये एवढं मला कळतं. मी त्या कल्पनेला 'पदगम्य वस्ती' असं नाव दिलं आणि कल्पेश नावाच्या दलालाला फोन केला. कल्पेश अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या तिन्ही गावांतली घरं दाखवतो, हुशार आहे, आणि त्याने माझा नंबर 'पदगम्य सर' या नावाने साठवला आहे.

कल्पेशच्या लेखी या पृथ्वीवरचं प्रत्येक घर वॉकिंग डिस्टन्सवर आहे. तो स्वतः मात्र चालत नाही. मला मोटरसायकलवर मागे बसवतो, वळणावर माझं काळीज हातात येतं, आणि तो मागे वळून (पूर्ण वळून, दादा) सांगतो, "बघा सर, आलंच की नाय? एकदम वॉकिंग!" एकदा मी हट्ट धरला, की आज आपण स्टेशनापासून त्या घरापर्यंत खरोखर चालू. अर्ध्या वाटेत तो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला, घाम पुसला आणि मित्राला मोटरसायकल घेऊन बोलावलं. उरलेलं वॉकिंग डिस्टन्स आम्ही तिघांनी त्या मोटरसायकलवरून पार पाडलं.

उल्हासनगरचं घर त्यानेच दाखवलं. पत्ता होता 'कॅम्प चार, टॉकीजसमोर'. ती टॉकीज पाडून बरीच वर्षं झाली आहेत, पण तिच्यासमोरची घरं अजून तिच्यासमोरच आहेत. विचारलं त्या प्रत्येकाने मोकळ्या हवेकडे बोट दाखवून 'ये रही ना टॉकीज' असं सांगितलं. (नसलेली टॉकीज सर्वांना दिसते आणि असलेला तेरावा मजला कोणाला दिसत नाही. हा प्रदेश तत्त्वज्ञाला राहण्याजोगा नाही.) घरमालक सिंधी गृहस्थ, अतिशय प्रेमळ. मी खोल्या पाहायला उठलो की मला खाली बसवायचे. "अरे साईं, पहले पापड-पानी लो, घर कहाँ भागा जा रहा है!" पापड खाल्ला. घर स्वच्छ, मोठं, आणि वस्ती तर इतकी पदगम्य की पाय ठेवायला जागा नाही. दारातून उतरलं की दुकानंच दुकानं, आणि सगळ्यांत जीन्सच्या पँटी. फुटपाथवर माणसांऐवजी पुतळे, तेही कमरेपासून खालचे तेवढेच, ओळीने पँटी घालून उभे. मी त्यांच्यामधून वाट काढत कोथिंबीर शोधली. एका दुकानदाराला विचारलं तर त्याने अदबीने प्रतिप्रश्न केला, "होलसेल में चाहिए?" सुनंदाला बोलायला कमरेच्या वरचा भाग असलेली माणसं लागतील, या विचाराने मी परत आलो. हेंद्रेपाड्यातही जाऊन आलो. आमच्या गल्लीत आमच्या जागी पत्र्याचं कुंपण आहे आणि पलीकडे खड्डा. त्या खड्ड्यात कुठेतरी आमचं स्वयंपाकघर होतं.

आता अडचण तुमच्या ध्यानात आली असेल. घर शोधायचं सुनंदासाठी, आणि घर पाहायला सुनंदा खाली येणार नाही. तेव्हा मी ठरवलं की तिच्या वतीने मीच चालायचं. म्हणजे वस्तीत नुसतं हिंडायचं नाही, तर ती जशी हिंडेल तसं हिंडायचं. तिचीच हिरवी कापडी पिशवी घेतली. रमतगमत चालायचं, भाव विचारून पुढे जायचं आणि मागे यायचं, जुडी नाकाशी नेऊन खाली ठेवायची, कुत्रं दिसलं की पलीकडच्या बाजूला व्हायचं. असा मी शाळा सुटल्यावर रोज शिवमंदिराकडच्या रस्त्यांवर तुमच्या बहिणीची भूमिका वठवू लागलो. त्या पिशवीवर एका बदलापूरकर शिंप्याने 'ब्लाऊज शिवून मिळतील, खास महिलांसाठी' असं छापून ठेवलं आहे, हे मला पिशवीची दुसरी बाजू दिसेपर्यंत ठाऊक नव्हतं. रस्त्याला मात्र पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

त्या रस्त्याच्या कोपऱ्यावर गयाबाई भाजी घेऊन बसतात. इथल्याच जुन्या गावातल्या. सोमवारी भाजीबरोबर बेलही ठेवतात. बोलायला मोकळ्या. सुनंदाची आणि यांची दोन दिवसांत गट्टी जमेल असं वाटलं, म्हणून मी तिच्या वतीने चौकशा सुरू केल्या. इथे बायका संध्याकाळी कुठे बसतात? हळदीकुंकवाला कोण कोण जमतं? पोलक्याचा गळा कोण नीट शिवतो? गयाबाई पहिल्या दिवशी माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "मास्तर, आधी भाजी कोण न्यायचा?" मी म्हटलं, आधी ही आणायची. "आनी आता?" म्हटलं, दिवाळीपासून मीच आणतो. गयाबाईंनी माझी पिशवी ओढून घेतली. पिशवीत चार मिरच्या जास्त टाकल्या, कढीपत्ता टाकला, आणि आलं घेऊ का म्हटलं तर तेही टाकून वर म्हणाल्या, "जेवन वेलेवर करत जा. सोताला जपा." मी घरी येऊन सुनंदाला सांगितलं, की शिवमंदिराकडची माणसं फार प्रेमळ आहेत. (ती 'हो का' म्हणाली आणि आल्याचा तुकडा कुंडीत लावला.)

तिथेच समोर, पहिल्या मजल्यावर, ते घर आहे. गयाबाईंनीच दाखवलं. दादा, काय सांगू तुम्हांला! दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि रस्त्यावर उघडणारी गॅलरी, इतकी खाली की गयाबाईंच्या टोपलीतली वांगी वरून पारखता येतात. जिना उतरला की डावीकडे गिरणी, तिच्या पलीकडे डेअरी, समोर औषधाचं दुकान, वळून गेलं की वाचनालय आणि शिंपी, आणि सरळ गेलं की देऊळ. रस्ता ओलांडायला लागतो, पण ओलांडू देतात. गॅलरीत एक दोरी होती, भाजीची पिशवी खाली सोडायला. ती काढून टाकावी अशी मी घरमालकिणीला विनंती केली. आजवर भाडेकरूंनी नळ मागितला, जाळी मागितली. असलेली सोय काढून मागणारे तुम्हीच पहिले, असं त्या म्हणाल्या.

या घरमालकीण मायाताई. सरकारी रुग्णालयात सिस्टर होत्या, आता निवृत्त. भिंतीवर बुद्धांची मोठी तसबीर, खाली पुस्तकांचं कपाट, आणि बोलणं असं की आपण सुई टोचून घ्यायला आलो आहोत आणि हात आखडता घेऊ नये. त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, जात विचारली नाही, मटण शिजवता का हेही नाही. (इतर ठिकाणी या तीन प्रश्नांची उत्तरं देऊन माझी तोंडी परीक्षेची सवय पक्की झाली होती, त्यामुळे थोडा हिरमोड झाला.) मी संस्कृत शिकवतो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मी रविवारी विहारात पाली शिकते. तुमच्यापेक्षा आमचं सोपं." मी ते मान्य केलं. मग त्यांनी एकच विचारलं, "फॅमिली कुठाय?" आता या भागात फॅमिली म्हणजे बायको, हे तुम्हांला सांगायला नको. मी म्हटलं, घरी आहे. मायाताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली गयाबाईंकडे पाहिलं, आणि खुर्ची पुढे ओढून, रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलताना काढतात तो आवाज काढला. "सर, दुःख मला कळतं. इतकी वर्षं तेच बघितलं. पण एकट्या पुरुषाला मी घर देत नाही. नियम म्हणजे नियम."

मला काही उमजेना. कोणाचं दुःख, कसलं दुःख? उलगडा व्हायला चहा थंड होईपर्यंत वेळ लागला. हातात बायकांची पिशवी, तोंडात बायकांच्या चौकशा, 'आधी ही आणायची, आता मीच', आणि पडलेला चेहरा (हा माझा नेहमीचाच आहे, पण त्यांना काय माहीत) एवढ्या साधनांवरून गयाबाईंनी अनुमान बांधलं होतं, आणि बिचारीने कोणाला दुखवू नये म्हणून मला कधी विचारलं नव्हतं. मी विधुर होतो. गेले कित्येक दिवस त्या साऱ्या रस्त्यावर मी विधुर होतो. गिरणीवाला मला नंबर न लावता पीठ का देत होता, आणि औषधवाल्याच्या आई मला बघून पदर डोळ्यांना का लावत होत्या, तेही कळलं.

मी घाईघाईने म्हटलं, अहो, ती आहे! हा घ्या फोटो. माझ्या फोनमध्ये सुनंदाचा त्यातल्या त्यात बरा फोटो ऋताच्या लग्नातला आहे, त्यात तिच्या गळ्यात व्याह्यांनी घातलेला मोगऱ्याचा हार आहे. तोवर गयाबाई वर दारात आल्या होत्या; फोन त्यांच्या हातात गेला. त्यांनी चपला काढल्या आणि फोटोला हात जोडले. मग मी व्हिडिओवर फोन लावला. सुनंदाने तो उचलला, पण तुमच्या बहिणीची पद्धत तुम्हांला माहीत आहे: फोन ओट्यावर उताणा ठेवायचा आणि बोलायचं. तेव्हा त्या तिघींना (औषधवाल्याच्या आईही वर आल्या होत्या) आमच्या स्वयंपाकघराचा पंखा दिसला, आणि आवाज आला, "काय आहे? माझे हात पिठात आहेत." गयाबाई म्हणाल्या, "आवाज तर हाय वो." मायाताईंनी मान हलवली. "माझ्या भाच्याने परवा मला माझ्या आजोबांचा, जुन्या फोटोवरून बनवलेला व्हिडिओ दाखवला. आजोबा चालतायत, हसतायत, 'जेवलीस का माया' विचारतायत. ते गेले तेव्हा मी शाळेत होते, आणि आयुष्यात त्यांनी मला जेवलीस का असं विचारलं नाही. फोनमधून आता कोणीही बोलतं, सर. फॅमिलीला इथे आणा. घर बघू दे, गॅलरीत उभी राहू दे, मग चावी. पुढच्या रविवारपर्यंत मी कोणाला देत नाही. मग कल्याणचं एक कुटुंब विचारतंय."

बाहेर आल्यावर, भाडं ठरवायला माझ्याबरोबर आलेल्या कल्पेशने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोही मला विधुरच समजत होता, हे मला तेव्हा कळलं. "सर, टेन्शन नका घेऊ. सेटिंग होऊन जाईल. माझ्या ओळखीच्या एक ताई आहेत, एकदम डीसेंट, साडीबिडी. रविवारी येऊन उभ्या राहतील, 'किचन छान आहे' बोलतील, झालं. दोन मिनटांचं काम." मी म्हटलं, अरे, माझी बायको आहे. तो म्हणाला, "हो सर, आहेच ना. मनात तर असणारच." दादा, आमच्या मीमांसकांनी याचा कीस फार पूर्वी काढून ठेवला आहे. यज्ञात एखादं द्रव्य मिळालं नाही तर त्याच्या जागी दुसरं चालतं; एक वनस्पती नसेल तर दुसरी, एक धान्य नसेल तर दुसरं. पण पत्नीला प्रतिनिधी चालत नाही. आणि तिच्यावाचून यजमानाला यज्ञाचा अधिकारच नाही. हे वाचताना मला तरुणपणी त्या मंडळींची गंमत वाटायची. आता कळतं की ते आणि मायाताई एकाच मताचे आहेत. मी कल्पेशला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे सर. मग त्या ताईंना नाय सांगू का?"

मग मी सुनंदाला खाली आणण्याचे उद्योग सुरू केले. (गयाबाईंचा प्रकार मी तिला सांगितलेला नाही, उगाच मनाला लावून घ्यायची.) प्रथम रखवालदाराला गाठून गुपचूप सांगितलं, की काही दिवस आमच्याकडे भाजी, दूध काही वर सोडू नकोस, सगळं खाली ठेवून घे. तो प्रामाणिक माणूस. त्याने साऱ्या विंगेचं सामान खाली ठेवून घेतलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर हाहाकार झाला, एकांचं आइस्क्रीम फाटकावर वितळलं, आणि हा आदेश दिला कोणी याचा शोध सुरू झाला. निषेधाचा सर्वांत कडक मजकूर माझा होता. सुनंदाने तेवढ्यात शेजारच्या फ्लॅटमधून कोथिंबीर मागून घेतली होती.

शेवटी मी सरळच सांगितलं, की एक घर बघायला जायचंय, चल. ती 'नाही' म्हणाली नाही. ती कधीच नाही म्हणत नाही, तीच तर पंचाईत आहे. म्हणाली, "जाऊ की." साडी बदलली, वेणी घातली, दाराला कुलूपसुद्धा तिनेच लावलं. आम्ही लिफ्टपाशी उभे राहिलो. लिफ्ट आली, दार उघडलं. ती म्हणाली, "गर्दी आहे, पुढच्या वेळी जाऊ." दार मिटलं. ती पर्समधून किल्ली काढून कुलूप उघडायला लागली.

लिफ्ट रिकामी होती, दादा.

असो. पत्र लांबलं. इतकं लिहूनही नेमकं काय झालंय हे मला सांगता आलेलं नाही, कारण ते मलाच कळलेलं नाही. घर मिळालं आहे पण मिळालेलं नाही. बायको आहे पण दाखवता येत नाही. आणि या सगळ्याला काय म्हणायचं याला माझ्या साऱ्या अध्ययनात शब्द सापडत नाही. वहिनींना नमस्कार. पंपाचं कळवावं. थोरांनी आशीर्वाद द्यावेत आणि मोजमापांनी थोडी विश्रांती घ्यावी.

तुमचा,
यज्ञेश्वर

ता. क. आता खरं काम. शनिवारी तुम्ही इथे या. मी लिहिलं असं सांगू नका. डोळे दाखवायला आलो म्हणा, लग्नाला आलो म्हणा, काहीही म्हणा. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवर ती अडून बसली की तुम्ही तिला हाताला धरून उतरवायचात, असं तीच सांगते. रविवारी तिला तसंच हाताला धरून लिफ्टमध्ये घेऊन जा. मी पुढे होऊन दार धरून ठेवीन. माझा हात ती सोडवून घेते. तुमचा घेणार नाही असं वाटतं. शिवमंदिरापर्यंत रिक्षा करू, आणि मायाताईंच्या जिन्याच्या पायऱ्या थोड्याच आहेत. घर आवडलं नाही तरी चालेल, चावी कल्याणच्या लोकांना गेली तरी चालेल.

ता. ता. क. गयाबाईंचा प्रकार सुनंदाला सांगितला नाही असं वर लिहिलं आहे. ते खरं नाही. परवा सांगितला. अगदी रंगवून सांगितला, फोटोला हात जोडले तेही सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल, किंवा भडकेल, आणि भडकून का होईना पण त्या बाईला सांगायला म्हणून तरी खाली उतरेल. ती मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मग चुकलं काय त्यांचं?" आणि पुढची जुडी घेतली. बाळदादा, तेव्हापासून मी घरांचा विचार करत नाही. घर मिळेलही. पण तिथे गेल्यावरही ती तशीच आतल्या खोलीत बसून राहिली, तर पुढे काय करायचं हे मला माहीत नाही. मला भीती वाटते. तुम्ही या.